मूठ पुढे

— नाही, आधी खिसे. बोलणं नंतर. तुम्ही कोण ते कळलं मला, जिन्यातूनच सांगत आलात ना — मी तिचा नवरा, मी तिचा नवरा — ऐकलं, मी काही बहिरी नाही. नवऱ्यालाही खिसे असतात. त्या स्टुलावर ताट आहे, स्टीलचं, त्यात ठेवायचं सगळं — किल्ल्या, पेन, फोन, असेल नसेल ते. अपमान वगैरे काही नाही त्यात, इथं सगळेच ठेवतात, माझा सख्खा भाऊ खालून टायरच्या दुकानातून वर चहाला आला तरी पाना-पक्कड तिथं ठेवून येतो. आणि बूट काढा. मॅटवर बूट नाहीत. — हं. किल्ल्या. रुमाल. चष्मा पुसायचं फडकं. आणि — बघू — हा काळा. घडीचा चाकू. तुमचा आहे का? — तुमचा म्हणता. बरं, नुसतं विचारलं. असू दे तिथंच, आता हात नका लावू त्याला. आणि त्या भिंतीपाशी उभे राहा. नाही, बसा म्हणणार नाही मी, बसवलं की माणूस जायचं नाव घेत नाही. तुम्ही विचारायला आलात, विचारलंत, मी उत्तर दिलं — तुमची बायको इथं नाही. महिना होत आला, क्लासला फिरकलेली नाही. झालं?

— नाही झालं. बरं. काळजी वाटते म्हणता. घरातून गेली, फोन उचलत नाही, माहेरी नाही, बहिणीकडे नाही, म्हणून तुम्ही एकेक दार वाजवत फिरताय, आणि फिरत फिरत माझ्या दाराशी आलात. आणि आल्या आल्या काय म्हणालात? — नाही, तुम्ही म्हणालात, मी शब्द विसरत नाही — ‘असल्या असुरक्षित जागी मी तिला पाठवायलाच नको होतं.’ पाठवायला! तुम्ही पाठवलीत होय? मला वाटत होतं ती आपल्या पायांनी येते. आणि असुरक्षित? उभं आयुष्य शाळेत पी.टी. शिकवण्यात गेलं माझं, खांबावर चढलेली पोरं उतरवली, भाला फेकायला शिकवला, एकाच्या अंगाला ओरखडा नाही आला. आणि तुम्ही, चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे गादीवर बसणारे, तुम्ही मला सुरक्षित काय ते सांगणार? — मोठ्यानं? मी मोठ्यानंच बोलते. मैदानाची सवय आहे. तुम्हाला त्रास होत असेल तर जिना आहे तसाच आहे, आलात तसे उतरा.

— उतरत नाही म्हणता. मग बघाच, आलाच आहात तर. हा बघा, लाल मुठीचा. हातात घ्या, घ्या हो, चावत नाही. हा सरावाचा. वजन खऱ्याचं, आकार खऱ्याचा, उघडतो खऱ्यासारखा, मिटतो खऱ्यासारखा, फक्त पात्याला धार नाही आणि टोक गोल. पात्यात ही भोकं पाडलेली, का? — तर लांबूनसुद्धा दिसावं की हा खोटा आहे. या खोलीत या लालशिवाय दुसरं पातं मॅटवर येत नाही. फळ कापायची सुरी नाही इथं, पेन्सिलला टोक काढायचं म्हटलं तर खाली भावाकडे जावं लागतं. आणि लाल आहे म्हणून विश्वास ठेवायचा, असंही नाही! सुरू करायच्या आधी मी अंगठा फिरवणार पात्यावरून, मोठ्यानं म्हणणार ‘बोथट’. मग समोरची अंगठा फिरवणार, तीही मोठ्यानं म्हणणार ‘बोथट’. पुटपुटली तर चालत नाही. हसतात नवीन आलेल्या, बाई, पोरखेळ आहे का हा. हसा. पण म्हणा. एकदा बँकेवरचा तो वॉचमन, बहिणीला सोडायला यायचा, मिशीला पीळ देऊन मला म्हणतो, बाई, खोट्यानं काय शिकणार, हा घ्या खरा — आणि खिशातून काढून मॅटवर उघडला. त्याला मी त्याच पावली खाली धाडला. बहीण रडली माझ्यापाशी. रडू दे म्हटलं, टाके घालण्यापेक्षा रडलेलं बरं.

— डोळे? विचारलंत ते बरं झालं. डोळ्यांना गॉगल, जाड, प्लास्टिकचे, कडेनं बंद. ते तिथं खुंटीला टांगलेत बघा. ओळखीचे वाटतात ना? — वाटणारच. तुमच्याच दुकानातले आहेत. वेल्डिंगवाल्यांसाठी ठेवता ना तुम्ही, त्यातले तिनं आणले. मी विचारलं होतं, घरी सांगून आणलेस ना गं? मान हलवली. तिची मान कशीही हलते, हो पण तशीच, नाही पण तशीच, मी समजले हो. तुम्ही गॉगल मोजलेत, नाही का, आणि तिथून धागा पकडून इथवर आलात — असं बघू नका, मला काय, एवढं डोकं मलाही आहे. एरवी तुम्हाला पत्ता कुठून लागणार होता, ती तर कपडे शिवायच्या कारखान्यात जादा पाळी आहे म्हणून सांगायची. हो, सांगायची. दिवसभर तिथं काजं करायची, शर्टामागून शर्ट, आणि सुटली की इथं. पहिल्या दिवशी आली ती दाराच्या आत उभी, जाईना का येईना. नाव विचारलं, बोलेना. म्हटलं ही काय शिकणार, हिला तर ‘बोथट’ म्हणायला सांगितलं तरी घाम फुटेल. मुकीच म्हणायचो आम्ही तिला. तोंडावर. ती हसायची. तुमच्या घरी हसते का हो ती?

— असू दे, नका सांगू. इस्त्री छान आहे तुमच्या शर्टाची. कोण करतं आता? — बरं बरं, चिडू नका, चिडत नाहीच म्हणा तुम्ही. ते मी ऐकलंय. आवाज चढत नाही तुमचा कधी. शेजारपाजारचे सगळे म्हणतात म्हणे, काय गरीब माणूस, म्हाताऱ्यांच्या नाकावर चष्मा ठेवताना सुद्धा कसा अलगद ठेवतो. माझा भाऊ तेच म्हणाला आत्ता, खालून हाक मारून, ‘अगं, कुणी भला माणूस आलाय, वर सोडतो.’ भावाला काय, टायरमधली हवा कळते, माणसातली कळत नाही. — कुणाकडून ऐकलं? ऐकलं कुणाकडून तरी. चार बायका जमतात तिथं बोलणं होतंच. मुकी बोलली नाही तरी बाकीच्या मुक्या नाहीत. एक नर्स येते, एक टॅक्सी चालवते, एक निवृत्त झालेल्या हेडबाई आहेत, त्यांना नातवाच्या मित्राची भीती वाटते, कुणाला काय नि कुणाला काय. इथं कुणी कुणाला ‘का आलीस’ विचारत नाही. पण मी बघते ना. उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा ब्लाउज घालून आलेल्या बाईला मी काय विचारू? चाकू कुणासाठी शिकतेस, विचारू?

— हो, चाकू. गुंडगिरी नाही. हेच तुम्हाला कळत नाही, आणि कळणारही नाही, पण आता तोंड उघडलंय तर ऐका. या घडीच्या चाकूनं मारामारी होत नाही. जी म्हणेल बाई, मी याला भोसकीन, तिला मी घरी पाठवते. हा कशासाठी? — समोरच्यानं एक पाऊल मागं घ्यावं, आणि तेवढ्या सवडीत आपण दार गाठावं. बास. मारायचं नाही, जायचं. आणि तेवढंसुद्धा सोपं नाही! पर्सच्या तळाशी लिपस्टिक आणि पावत्यांच्या खाली चाकू ठेवला तर तो काढेपर्यंत समोरचा जेवून हात धुवून येईल. काढला तर उघडत नाही. ही खुंटी दिसते, पात्याच्या मुळाशी? अंगठ्यानं ढकलायची. घरी टीव्हीसमोर कुणीही ढकलते पटापट, पण भ्यायल्यावर अंगठा लाकडाचा होतो, ज्याला होतो त्यालाच कळतं. मग खटका बसला पाहिजे, खट् असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर पातं उलटं फिरून आपल्याच बोटांवर. मिटतानाही बोटं वाटेत नकोत. सगळ्यात जास्त जखमा मिटताना होतात, चांगलं झालं, संपलं म्हणून सैल सोडतात ना हात. म्हणून लाल. म्हणून खडू. — खडू! धार नाही तर कुठं लागलं ते कळायचं कसं? म्हणून कडेला रंगीत खडू चोळायचा. हात पुढे करा. करा हो, बोथट आहे — म्हणा, बोथट. म्हणत नाही? मी म्हणते. बोथट. हा बघा, असा — बघितलंत कुठं उमटलं? मनगटाच्या आतल्या अंगाला. इस्त्रीच्या बाहीवर. धुतलं की निघेल, एवढं तोंड वाकडं करायला काय झालं. स्वतःची बाही स्वतः धुवायची म्हणजे काय ते तरी कळेल.

— परत तेच. सांगितलं ना, नाही इथं. कुठं गेली मला काय माहीत, मी काय तिची सासू आहे का पाळत ठेवायला. पाच मिनिटं भेटू द्या म्हणता, कुणाला भेटू द्या? भिंतीला? इथं मॅट, तो आरसा, ते कपाट, आणि मी. वर माझी खोली, एकटीची. कोपऱ्यातल्या त्या शिडीसारख्या जिन्यानं जायचं, माझे गुडघे बोलतात रोज. — तुम्हाला माफी मागायचीय. अस्सं. कशाची? — नाही, सांगा ना, कशाची? तुम्ही तर काही केलंच नाही म्हणालात आत्ता. शब्दाला शब्द वाढला, ती रागारागानं गेली, बायका जातात, येतात. मग माफी कशाची? बघा, तुम्ही असे बोलता की माणसाला वाटावं आपलंच काहीतरी चुकतंय. मला नाही वाटत. मी शाळेत असले खूप पाहिले, बाकाखालून चिमटा काढायचे आणि वर हात जोडून उभे. गुणी बाळं.

— आणि हे काय, आता एकदम शिकायचीच इच्छा झाली? चांगलं आहे, हसत हसत विचारताय. ‘आणि बाई, चाकू परत कसा देतात?’ का? तुम्हाला कशाला हवंय ते? — सहज. सहज काही विचारणाऱ्यातले तुम्ही नाही. पण सांगते. सांगायला मला लाज कसली, माझ्या क्लासचा पहिला धडा आहे तो, उघडायच्याही आधीचा. दोघी सराव करतात. एकीचं झालं की दुसरीची पाळी. मग काय, उघडा चाकू असाच पुढे करायचा? फेकायचा? नाही. समोरची थांबली, तिनं हात पुढे केला, तळवा वर, आणि म्हणाली ‘आण’ — की सगळं जिथल्या तिथं बंद. खटका सोडायचा, पातं मिटायचं, बोटं बाजूला, आणि मूठ पुढे करून तिच्या तळव्यावर ठेवायचा. नजर तिच्या हाताकडे. घाई नाही. इतक्या वेळा करून घेते मी ते, इतक्या वेळा, की झोपेतसुद्धा बरोबर होईल. म्हणून माझ्याकडे आजवर कुणाला टाका पडला नाही. दुसरीकडचे क्लास बघा जाऊन, बोटाला पट्टी बांधल्याशिवाय एक बाई दिसणार नाही. माझ्याकडे हात पुढे आला की चाकू मिटतो. डोकं लागतच नाही त्याला, हाताला कळतं. — काय झालं? हसताय कशाला? मी विनोद केला?

— हसू नका म्हणते ना.

— नाही, मला ऐकायचं नाही. — मी म्हटलं, ऐकायचं नाही मला, तुमच्या घरातलं तुमच्यापाशी. — हो, दिसतोय मला तो काळा, ताटात पडलाय तो, आल्या आल्या ओळखला मी. क्लिप वाकडी आहे त्याची, कारखान्याच्या सरकत्या दारात अडकली होती, मीच पक्कड लावून सरळ करून दिली, अर्धीच झाली. तिचाच आहे. विचारलं तेव्हा ‘माझा’ म्हणालात. — ‘तिनं स्वतः दिला.’ म्हणा, आणखी एकदा म्हणा, मोठ्यानं म्हणा, गोड लागतंय ना तोंडाला. स्वयंपाकघरात ती ओट्याला पाठ लावून उभी, आणि तुम्ही दारात. एकच दार. आणि तिनं काढला. बरोबर काढला? — पहिल्या झटक्यात उघडला. खट् वाजलं. तुम्ही घाबरलात. — अहो, घाबरलात, आत्ताच म्हणालात ‘क्षणभर’, क्षणभर का होईना, घाबरलात! एक पाऊल मागं गेलात की नाही? गेलात. दार मोकळं झालं. तेवढंच हवं होतं, तेवढ्यासाठीच तर सगळं, आणि तुम्ही — तुम्ही काय केलंत, तर हात पुढे केलात. तळवा वर. आणि म्हणालात, शांतपणे, तुमच्या त्या आवाजात, ‘आण इकडे.’

— आणि तिनं मिटला. खटका सोडला, बोटं बाजूला घेतली, आणि मूठ पुढे करून ठेवला तुमच्या हातावर. अगदी शिकवला तसा. आणि हे तुम्ही हसत सांगताय मला. ‘छान शिकवलंत बाई, शिस्त आहे तुमच्याकडे.’ चष्मेवाले, जिभेला हाड आहे का तुमच्या? दुकानात पण सांगितलंत का हे, गिऱ्हाइकांना? हसले का ते? आणि पुढचं कोण सांगणार? चाकू हातात आल्यावर पुढं काय केलंत, ते नाही सांगत. ते सांगताना शब्दाला शब्द वाढला, झालं. तुम्हाला तो चाकू वापरावाही लागला नाही. नुसता तिचा हात धरला. ज्या हातानं दिला ना तिनं, तोच हात.

— कसं कळलं म्हणजे? कळलं. अंदाज. — हा काळा मी ठेवते. नाही, मिळणार नाही, तिचा आहे. कपाटात, कुलूप, हे बघा, किल्ली माझ्या गळ्यात. पोलिसात जा म्हणता? चला, मीच येते, सांगू दोघं मिळून. नाही ना? मग गप्प उभे राहा. तुम्हाला वाटतं मला लागलं. लागलं, हो, लागलं मला! माझा नियम होता तो. तिच्या जिवासाठी केलेला नियम, तिचं बोट कापू नये म्हणून, आणि नेमक्या त्या वेळी तिला दुसरं काही आठवलं नाही, ना पळणं, ना ओरडणं, आठवलं काय तर बाईंनी सांगितलं होतं, हात पुढे आला की द्यायचा. पण म्हणून तुम्ही जिंकलात असं समजू नका. आणि ती मूर्ख आहे असं तर मुळीच समजू नका! ‘तिला डबा उघडता येत नाही’ म्हणे. तुम्हाला काय माहीत तिला काय येतं. तुम्ही कधी बघितलंत तिच्याकडे? एकदा चुकलं तिचं. एकदा. चुकलं काय, मी शिकवलं तसं केलं, आणि मी शिकवलेलं मला उलटं शिकवता येत नाही होय? आता करा हात पुढे! आता म्हणा ‘आण इकडे’! नाही देणार ती. सकाळी मी म्हटलं, आज सकाळी, या इथं उभी राहून — गोड आवाजात म्हटलं, तुमच्यासारखं, दरडावून म्हटलं, रडवेली होऊन म्हटलं, आण गं, दे गं — नाही दिला! दर वेळी मागं सरकली आणि तोंड दाराकडे. घामानं निथळत होती, पण नाही दिला. आणि डाव्या हातानं, बरं का, उजवा सगळा प्लास्टरमध्ये तरी डाव्या हातानं, नुसत्या अंगठ्यानं, खट् — माझ्या इतक्या बायकांत कुणाला जमलं नाही ते या मुकीनं आठवड्यात —

— काय?

— प्लास्टर म्हटलं मी? — नाही, म्हणजे — ती नर्स येते ना, सांगितलं मघाशी, तिनं दवाखान्यात पाहिलं तिला. कुठल्या, ते मला कसं — तिनंच सांगितलं, हाताला प्लास्टर आहे म्हणून, आणि मी आपलं — सकाळी म्हणजे दुसरीच होती, दुसरीला घेतलं मी सरावाला, सगळ्यांकडून करून घेते आता, नियमच बदललाय, सगळ्यांसाठी — मी म्हातारी झाले, एकीचं दुसरीला लावते. हे बघा, तुम्ही असे गप्प नका राहू. इतका वेळ बोलत होतात ना, बोला. माफी मागायची होती ना तुम्हाला, मागा, मी निरोप देते — म्हणजे भेटली कधी तर देते. मी जरा जास्तच बोलले तुम्हाला, चालायचंच, माझा स्वभावच तसा आहे, भावाला विचारा. चहा घ्याल? ठेवते ना चहा, बसा, इथं मॅटवर बसा, काही हरकत नाही. — भाऊ? तो आहे खाली. आहे, हाक मारली की येईल. कंप्रेसर चालू आहे म्हणून, नाहीतर एका हाकेत —

— वर काय बघताय? पाण्याची टाकी आहे वर, वाजते ती. कुणी चालत नाहीये. — त्या शिडीकडे नको, वर पसारा आहे, माझी खोली आहे ती, बाईमाणसाच्या खोलीत असं — अहो. ऐका. मी हात जोडते, हे बघा, हात जोडले. तिकडून वाट नाही, तिकडे नुसती भिंत आहे, दार इकडे आहे. — अहो, दार इकडे आहे. इकडे —